तेच लोखंड

माळवाडी एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर त्या वर्षी एक हिरवा फलक होता आणि त्यावर एक आकडा. ८.४. कधी ८.१, कधी ९. पाळीवर येणारा माणूस घड्याळाआधी तो आकडा बघायचा. कारखान्याने घेतलेल्या कर्जाचा त्या तासाचा व्याजदर म्हणजे तो आकडा. दर तासाला बदलणारा: काम जोरात असेल तर कमी, मंदावलं की जास्त.

हे शक्य झालं एका कड्यामुळे. कारखान्यात वीज येते त्या मुख्य केबलभोवती बसवायचं, बांगडीएवढं. त्याचं नाव नाडी. प्रत्येक यंत्र वीज आपापल्या ढंगाने ओढतं. भट्टीचा ढंग वेगळा, लेथचा वेगळा, कॉम्प्रेसरचा वेगळा. नाडी सेकंदाला दहा लाख वेळा तो प्रवाह तपासायची आणि आत कोणतं यंत्र चालू आहे ते केबलवरूनच ओळखायची. एवढंच नाही. लेथ नुसता फिरत असेल तर मोटर शांत असते. धातूत पातं घुसलं की मोटरवर ताण येतो आणि प्रवाहात बारीक थरथर उमटते. म्हणजे मालकाने बँकेला दाखवायला रिकामी यंत्रं फिरवून ठेवली तरी नाडी फसायची नाही.

पूर्वी कर्ज ताळेबंदावर मिळायचं. ताळेबंद लिहिणारा मालकाचाच माणूस, तपासणारा मालकाच्याच पैशाचा, आणि मंजूर करणारा मालकाच्याच फार्महाउसवर तांबडा-पांढरा रस्सा ओरपून गेलेला. तेव्हा सगळं जग म्हणालं की कागद खोटं बोलतो, वीज खोटं बोलत नाही. परदेशातल्या निवृत्तांचे पैसे सांभाळणारे मोठे फंड नाडीच्या भरवशावर थेट इथल्या कारखान्यांना डॉलरमध्ये कर्ज देऊ लागले. कागद खोटं बोलतो म्हणून कागद बघणंच त्यांनी बंद केलं. हुशार माणसांची ही एक खास जात असते.

विश्वजीत हुक्केरी त्यांच्याहून हुशार नव्हता. तो फक्त निर्लज्ज होता, आणि तेवढं पुरलं.

हुक्केरी फेरोकास्टमध्ये बिडाचं ओतकाम व्हायचं. डिझेल इंजिनांचे ब्लॉक, पंपांचे भाग. दोन प्लांट होते: एका ठिकाणी भट्ट्या आणि साचे, सहा किलोमीटरवर मशीन शॉप. वडिलांनी उभा केलेला धंदा. मुलाने नाडीच्या पहिल्या दोन वर्षांत डॉलरचं एवढं कर्ज उचललं की त्यातून गोव्यात एक रिसॉर्ट, दुबईत एक फ्लॅट आणि स्वतःचा पांढऱ्या फेट्यातला वीस फुटी फोटो झाला. भट्टी तीच राहिली.

एक तारखेला त्याने कँटीनमध्ये सगळ्या कामगारांना बोलावलं.

"ब्लूफर्न फंडाला आपण व्याज देतो. परक्यांना का द्यायचं? आपल्या माणसांना का नाही?" तो माइकवर म्हणाला. "म्हणून हे आपुलकी रोखे. बारा टक्के. कुणावर बळजबरी नाही. पण फाटकावरचा आकडा बघा आणि ठरवा."

मग त्याने रेवती मगदूमला पुढे बोलावलं.

रेवती लॅबची इन्चार्ज. धातुशास्त्राचा डिप्लोमा, सोळा वर्षं नोकरी. प्रत्येक भट्टीतला चमचाभर रस, म्हणजे वितळलेलं बीड, थिजवून तिच्या टेबलावर यायचा, ती स्पेक्ट्रोमीटरखाली ठिणगी पाडून त्यातले धातू मोजायची, आणि तिने मान हलवल्याशिवाय साच्यात थेंब पडायचा नाही. एकदा खुद्द हुक्केरीच्या पाहुण्यांसमोर तिने दोन टन रस परत पाठवला होता. कामगार तिला मानायचे ते म्हणूनच, आणि हुक्केरीने तिला पुढे केलं तेही म्हणूनच.

"मी स्वतः दोन लाखांचे घेतेय," ती म्हणाली. "काम भरपूर आहे, भट्ट्या तीन पाळ्या चालू आहेत, हे तुम्हीही बघताय." खोटं काहीच बोलली नव्हती. तिला जे दिसत होतं ते तिने सांगितलं.

दोनशे बारा जणांनी पैसे भरले. त्यात तिचा मामाही होता, बापूसो खोत, भट्टीवरचा फोरमन. रेवती सहा वर्षांची असताना तिचे वडील गेले. तेव्हापासून तिला वाढवलं, शिकवलं, इथे चिकटवलं ते मामाने. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचा होता. कंपनीने त्याची ग्रॅच्युइटी आधीच दिली आणि त्याच टेबलावर परत घेतली. अकरा लाख.

आधीच्या काही घोटाळ्यांनंतर सरकारने एक नियम केला होता. असे पैसे पंधरा दिवस वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि तेवढ्या मुदतीत कुणाचं मन बदललं तर त्याला ते जसेच्या तसे परत द्यायचे. अर्जाच्या मागच्या पानावर हे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं.

चौथ्या दिवशी रेवतीला काहीतरी खटकलं. सगळं फारच चांगलं होतं.

बीड बनतं ते मुख्यतः भंगारातून. भंगार म्हणजे कुणाची मोडकी मोटार, कुणाचं गेट, कुणाचा जुना पंप. त्यामुळे रोजच्या रसात तांबं, कथील कमीजास्त होतंच. आज तांबं ०.१८, उद्या ०.४०. ते कमी करताही येत नाही. कार्बन, सिलिकॉन भट्टीत जळून जातात, पण तांबं आणि कथील हटत नाहीत. एकदा लोखंडात शिरली की कितीही वेळा वितळवा, तेवढीच राहतात. आणि रेवतीच्या पडद्यावर गेले नऊ दिवस तांबं ०.३१ होतं. कथील ०.०४. सकाळी, दुपारी, रात्रपाळीला. तेच.

गावोगावचं भंगार नऊ दिवस एकसारखं येत नाही.

तिने कुणाला काही विचारलं नाही. सहाव्या दिवशी तिने मिश्रणाची चिठ्ठी लिहिताना त्या एका दिवसापुरती एक ओळ वाढवली: प्रत्येक भट्टीत फेरोमॉली, दोन किलो. मॉलिब्डेनम हा धातूही तांब्यासारखाच, एकदा घातला की जात नाही. त्याने बीड बिघडत नाही, उलट जरा कणखर होतं. आणि हुक्केरी फेरोकास्टच्या मालात तो कधीच नसायचा.

चिठ्ठी घेऊन मामा स्वतः लॅबच्या दारात आला. "मॉली कशाला गं?"

"नव्या गिऱ्हाइकाची मागणी आहे."

मामाने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग गेला आणि दिवसभर प्रत्येक भट्टीत दोन-दोन किलो टाकत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी नुकत्याच आलेल्या भंगाराच्या पहिल्या भट्टीचा नमुना तिने ठेवला. मॉलिब्डेनम ०.०९. तिने ठिणगी दुसऱ्यांदा पाडली, तिसऱ्यांदा पाडली. ०.०९.

पाच दिवसांपूर्वी तिने ओतलेलं लोखंड मशीन शॉपला गेलं होतं, तिथे नीट कापून घासून तयार झालं होतं, खोक्यांत भरून ट्रकवर चढलं होतं, आणि कुठल्यातरी गोदामात फोडून, भुगा करून, भंगार म्हणून परत आलं होतं. तिने त्या दिवशीच्या भंगाराची पावती मागवली. पुरवठादाराच्या नावाखाली जो पत्ता होता तो हुक्केरीच्या मेहुण्याचा.

गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. डिझेल इंजिनांची मागणी दोन वर्षांपूर्वीच आटली होती. नाडी मंदावली असती तर व्याज चढलं असतं आणि फंडाने कर्ज परत मागितलं असतं. म्हणून साडेतीनशे माणसं तीन पाळ्यांत घाम गाळून तेच लोखंड वितळवत होती, कापत होती आणि पुन्हा वितळवत होती. पातं खरंच धातूत घुसत होतं. नाडी खरंच खूश होती. पगार आणि विजेचं बिल नव्या कर्जातून जात होतं. डॉलर महागला तसं नवं कर्जही पुरेना. आधी मिसळायचे ते थोडं बाहेरचं भंगारही बंद झालं, आणि मग कामगारांच्या पैशाला हात.

बाराव्या दिवशी रजा टाकून ती पुण्याला गेली, ब्लूफर्नच्या कचेरीत. नीरज टिपणीस नावाचा तिशीतला अधिकारी भेटला. पांढरे बूट, हातात ताकाचा टेट्रापॅक. तिने कागद मांडले, तांबं, कथील, मॉलिब्डेनम सगळं समजावलं. त्याने अगदी मन लावून ऐकलं.

"ब्रिलियंट आहे हे," तो म्हणाला. "असा खुणेचा धातू, ट्रेसर, वापरायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"ते राहू द्या. तुम्ही काय करणार?"

"मॅडम, नाडी काम मोजते. काम चाललंय ना?"

"त्या कामातून काही बनत नाही."

"ते मोजायचं कंत्राट आमच्याकडे नाही." त्याने स्ट्रॉ ओढली. "आणि खरं सांगू? तुमच्या कंपनीचं कर्ज आता आमच्याकडे नाहीच. अशी चारशे कर्जं एकत्र बांधून आम्ही ती पुढे विकली. नॉर्वेतल्या शिक्षकांचा पेन्शन फंड आहे, कॅनडातले कुणी फायरमन आहेत. त्यांना हिरवा आकडा दिसतो, ते झोपतात. आम्हाला फी मिळते. हे मी बोललो असं कुठे म्हणू नका."

"आणि आमचे कामगार? त्यांचे रोखे?"

"ते तर सगळ्यात शेवटी," तो म्हणाला, जणू बसच्या रांगेबद्दल सांगत होता. "आधी आमचे हे गुंतवणूकदार, मग बँका, मग वीज कंपनी, मग काही उरलं तर ते."

त्याला लाज वाटत नव्हती, कारण लाज वाटायला समोरच्याशी काही नातं लागतं. त्याचं नातं पडद्याशी होतं.

ती परत पोचेपर्यंत टिपणीसने हुक्केरीला फोन केलेला होता. तेराव्या दिवशी सकाळी हुक्केरीने तिला केबिनमध्ये बोलावलं, दार स्वतः लावलं आणि कॉफी स्वतः ओतली.

"ताई, तुम्ही मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. लपवण्यासारखं काय आहे? अख्ख्या एमआयडीसीत दुसरं काय चाललंय? शेजारचा तर ॲल्युमिनियम फिरवतो, त्याला वीज कमी लागते. मी निदान बीड फिरवतो."

"लोकांचे पैसे घेतलेत तुम्ही."

"लोकांना काम देतोय! मी सत्य सांगून कुलूप लावलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं? दिवाळीपर्यंत एक ऑर्डर येतेय, संरक्षण खात्याची. तोवर भट्टी पेटती ठेवायची, बस." त्याने एक कागद पुढे सरकवला. "गुणवत्ता संचालक. गाडी, दुप्पट पगार. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तुमचं घराणं आमच्याकडे आहे."

"आमचं घराणं नाही. मी आणि मामा, दोघं पगारावर आहोत."

"तेच म्हणतोय मी. मामांचं वय झालंय. त्यांचे अकरा लाख आहेत यात. तुम्ही तोंड उघडलंत तर त्यांचं काय होईल?"

इतका वेळ तिला त्याची भीती वाटत होती. त्या वाक्यासरशी ती भीती गेली. हा माणूस वीस फुटी फोटोत कसाही दिसो, पण प्रत्यक्षात एका म्हाताऱ्या फोरमनच्या ग्रॅच्युइटीमागे लपून बसला होता. तिने कागद तिथेच ठेवला. कॉफीला हात लावला नव्हताच.

दुपारी ती मामाच्या घरी गेली. मामाची रात्रपाळी होती, नुकताच उठून जेवायला बसला होता. तिने सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "उद्या-परवा दोनच दिवस आहेत. आत्ता फोन दे, मी तुझे पैसे काढून घेते."

मामाने भाकरी मोडली. "मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"समदं. गेल्या पावसाळ्यात भंगारात एक तुकडा घावला. त्यावर आमच्याच भट्टीचा नंबर. माझ्या हातानं मारलेला." त्याने घास घेतला. "म्हटलं, विश्वजीतदादा अडचणीत हाय. थोडे दिवस ढकलायचे असतील."

रेवती म्हणाली, "तुला माहीत होतं. आणि मी त्या माइकवर उभी होते, तू समोर बसला होतास, टाळ्या वाजवत होतास."

"मी बी अकरा लाख घातले न्हवं? फसवायचं असतं तर घातले असते का?"

"बाकीच्या दोनशे जणांना माहीत नव्हतं, मामा! त्यांनी तुझ्याकडे बघून घातले. माझ्याकडे बघून घातले."

"मग काय करू?" मामाचा आवाज चढला. "भट्टी बंद पडली तर कोण इचारतंय मला? अठ्ठावन्न वर्सांचा गडी मी. चौतीस वर्सं एकच काम केलंय. त्यातून काय बनतंय ते बघायचं काम माझं न्हाई. रस चांगला पाहिजे, तो मी देतो. तू कागूद फिरवून हे समदं बंद पाडणार आनि म्हणणार, मामा तुझं पैसं घे! मला न्हाई पाहिजेत तसले."

"मग जातील ते."

"जाऊ देत. निदान दादा म्हणंल, बापूसो शेवटपर्यंत हुता."

"तो असं काही म्हणणार नाही. त्याला तुझं नाव फक्त मला धमकवायला आठवलं."

मामाने ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला मागच्या दारी गेला. तो परत येईपर्यंत ती थांबली नाही.

चौदाव्या दिवशी दुपारी दोनला, पहिली पाळी सुटते आणि दुसरी येते त्या वेळी, ती कँटीनमध्ये टेबलावर चढली. माइक नव्हता. तिने आवाज चढवून सांगितलं. तांब्याबिंब्याच्या भानगडीत पडली नाही. "गेल्या बुधवारी आपण जे ओतलं त्यात मी एक खूण घातली होती. या सोमवारी ती खूण भंगारातून परत आली. आपण वर्षभर एकच लोखंड फिरवतोय. आपला माल कुणी घेत नाही. एक तारखेला मी इथेच उभी राहून तुम्हाला पैसे घालायला सांगितलं, ते चुकलं माझं. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत ते परत मिळतात. अर्जाचं मागचं पान वाचा, फोनवरूनच काढता येतात."

 साच्यांवरची शैला कांबळे मोठ्याने म्हणाली, "आनि तुला हे आज कळलं व्हय?"

"सोमवारी खात्री झाली. काल मी मालकाच्या कॉफीसमोर बसले होते. आज सांगतेय."

शिव्या आल्या. सुरक्षारक्षक आले, त्यांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं आणि फाटकाबाहेर नेलं. पण तोवर लोकांनी फोन काढले होते. दोघा सुरक्षारक्षकांपैकी एकाने तिला रस्त्यावर सोडल्यावर हळूच विचारलं, "ताई, ते परत घ्यायचं बटन कुठं असतंय?"

दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत एकशे त्रेसष्ट जणांनी पैसे काढून घेतले. त्या दोन्ही दिवशी फाटकावरचा आकडा ७.९ होता, वर्षातला सगळ्यात चांगला. माणसं कारखान्यावरचा विश्वास काढून घेत होती आणि नाडीला त्याचा पत्ताही नव्हता, कारण माणसांची थरथर केबलमध्ये उमटत नाही.

पुढच्या गुरुवारी डॉलरचा हप्ता चुकला. शुक्रवारी विजेचं बिल थकलं म्हणून तोडायला माणसं आली. भट्ट्या थांबल्या आणि एका तासात आकडा ३१ झाला, मग फलकच विझला. नाडीला सत्य कळलं ते असं, कुलूप लागल्यावर.

मग जे होतं ते झालं. गुंतवणूकदारांच्या वतीने ब्लूफर्नने यंत्रं उचलली. उरलेल्या एकोणपन्नास रोखेधारकांना काही मिळालं नाही, मामाला काही मिळालं नाही. साडेतीनशे जणांचे दोन महिन्यांचे पगार बुडाले आणि त्यासाठी निम्म्या गावाने हुक्केरीला शिव्या घातल्या, निम्म्या गावाने रेवतीला. ज्यांचे पैसे वाचले तेही म्हणू लागले की बाईने जरा दम धरला असता तर दिवाळीची ऑर्डर आली असती. ती ऑर्डर कुणीच कधी पाहिली नव्हती. हुक्केरी गोव्याला गेला. सहा महिन्यांत पुण्यातल्या एका परिषदेत त्याचं भाषण होतं, 'अपयशातून काय शिकलो'. टाळ्या पडल्या. नवी कंपनी निघाली, बायकोच्या नावाने, नवं कर्जही मिळालं.

रेवतीला नोकरी कुणी देईना. शेवटी इचलकरंजी रस्त्याला एका गाळ्यात तिने जुना स्पेक्ट्रोमीटर भाड्याने घेऊन छोटी लॅब टाकली. कुणी पाइपवाला, कुणी भांडीवाला नमुने घेऊन यायचा. एक दिवस टिपणीस आला, त्याच पांढऱ्या बुटांत.

"नाडीची पुढची आवृत्ती करतोय. धातूचं रसायन तपासणारी. तुमची युक्ती आम्हाला हवी आहे. म्हणाल तो पगार."

"यंत्राला कळलं की कारखाना तेच लोखंड फिरवतोय, तर तुम्ही कर्ज देणं थांबवाल?"

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "थांबवणार नाही. दर वाढवू."

रेवतीने त्याला दार दाखवलं. तो गाडीत बसेपर्यंत फोनवर दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारत होता.

मामाने वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. रेवतीची आई, त्याची बहीण, गेली तेव्हा तो आला, लांब उभा राहिला आणि निघून गेला. हातकणंगल्याकडच्या एका फाउंड्रीत तो रोजंदारीवर लागल्याचं तिला दुसऱ्यांकडून कळलं होतं.

मार्चमधल्या एका सकाळी तो गाळ्याच्या दारात उभा होता. बराच वाळला होता. त्याने रुमालाची गाठ सोडली आणि बिडाचे चार तुकडे टेबलावर ठेवले. प्रत्येकावर खडूने तारीख लिहिलेली, आठ-आठ दिवसांच्या अंतराने.

"बघ जरा."

तिने तुकडे घासले, एकेक करून ठेवले, ठिणग्या पाडल्या. मामा खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. चौथी ठिणगी विझली तसा तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. तांबं ०.२७. ०.२७. ०.२७. ०.२७.

"किती माणसं आहेत तिथं?" तिने विचारलं.

"नव्वद. त्यांच्याकडनं बी पैसं गोळा करायलेत. परवापासनं." त्याने तुकडे परत रुमालात बांधले. ती ॲप्रन काढायला लागली, गाडीची किल्ली शोधायला लागली.

"तू कुठं निघालीस?"

"तुझ्याबरोबर. सांगायला नको त्यांना?"

"तू बस," मामा म्हणाला. "ते कागदावर छापून दे तेवढं. मी सांगतो."